घरटी : निरंक

"काका, तुम्ही मागे, चहाच्या टेबलापाशी बसा. पुढच्या खुर्च्या तज्ज्ञांच्या आहेत."

वर्तकनगरच्या सभागृहात हे मला माईकवरून ऐकवण्यात आले. फलकावर लिहिले होते, 'जैवविविधता संवर्धनासाठी स्थानिकांची क्षमताबांधणी'. स्थानिक मी. शहाडचा, उल्हास नदीकाठचा, न्यायालयातून लिपिक म्हणून निवृत्त झालेला. नदीच्या मातीच्या दरडीत वेडे राघू बिळे करून अंडी घालतात. निवृत्तीपासून त्यांच्या नोंदी मी वहीत ठेवतो.

वही घेऊन मी मागे बसलो. शाळेतही मागेच बसवत. सवय होती. त्या सवयीचीच आज लाज वाटते.

समन्वयक डॉक्टरसाहेबांनी वही चाळली. "हस्ताक्षर छान आहे हो. आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितले.

"अच्छा, अच्छा." वही मिटली. "काका, पक्ष्यांची नावं तुम्ही सांगा, विज्ञान आम्ही बघतो. जैवविविधता नोंदवहीच्या या फॉर्मवर फक्त सही करा."

वाचल्याखेरीज मी सही करीत नाही. दरडीच्या रकान्यात लिहिले होते, 'घरटी : निरंक'. त्या एका शब्दाच्या आधारावर दरड दगडांनी बांधून काढून तिथे पदपथ होणार होता. खाली 'स्थानिक जाणकार' म्हणून माझे नाव आधीच टंकलेले.

"पाहणी केव्हा केलीत?"

"दिवाळीच्या सुट्टीत. सगळ्यांना तेव्हाच जमतं."

"वेडे राघू फाल्गुनात बिळे करतात, साहेब. दिवाळीत काय दिसणार?"

पुढच्या रांगेतून कोणी म्हणाले, "काका, पक्ष्यांना सुट्टीचं परिपत्रक पाठवा." सभागृह हसले. डॉक्टरसाहेबही हसले.

मी उठलो. पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसलो. माझे नाव खोडले. समासात लिहिले, 'असहमत. पाहणी अवेळी.'

"अहो, फॉर्म खराब करताय."

"फॉर्म नव्हे. तुमचा पुरावा."

कायद्यानुसार ही नोंदवही स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून व्हायला हवी. चहा पाजून सही घेणे हा विचारविनिमय नव्हे. तसे पत्र मी नोंदवही करणाऱ्या जैवविविधता समितीला दिले, पोच घेतली. उत्तर नाही. दुसरे पत्र गेले आहे. तिसऱ्याचा मसुदा तयार आहे.

चाळीतल्या चार बायका आता माझ्याबरोबर दरडीवर येतात. तारीख, वेळ, बिळांची संख्या; डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे, हे त्यांना शिकवतो आहे. फाल्गुनात प्रत्येक नोंदीखाली त्यांच्या सह्या असतील. डॉक्टरसाहेब आले तर त्यांनाही शिकवू. मात्र यापुढे नुसती नावे सांगायला मला कोणी बोलावू नये. नोंद आम्ही करणार. ती खोडायची असेल, तर आमच्यासमोर, कारण लिहून, सहीनिशी खोडावी लागेल.