तांब्याच्या कळशीतलं पाणी

लढाईच्या दिवसांत नांदेडात मोटार बाळगणं म्हणजे दारात हत्ती बांधणं, आणि या हत्तीला चारा मिळायचा तो सरकारी चिठ्ठीवर मोजून. मोटार माझ्या थोरल्या भावाची. दादा वकील. लोहा, बिलोली, कधीमधी लातूरपर्यंत त्यांना कामानिमित्त जावं लागे. गाडी चालवायचो मी. "मला चाक धरता येत नाही आणि याला दुसरं काही येत नाही," असं दादा चारचौघांत म्हणायचे. लोक हसायचे, अन माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून मी पेट्रोल वाचवायचा हट्ट धरला. उतार दिसला की इंजिन बंद. कचेरीपुढं दादांना उतरवलं की बंद. रस्त्यात शेळ्यांचा कळप आडवा आला तरी बंद. महिन्याच्या चिठ्ठीतून जे उरेल ते मी एका पत्र्याच्या डब्यात साठवायचो. आठवड्याला डबा उचलून बघायचो, किती जड झाला ते. दादांनाही दाखवायचो. ते नुसतं "बरं" म्हणायचे.

आमच्या गाडीचं काम एक म्हातारे मिस्त्री बघत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. एकदा बॅटरी पार बसली तेव्हा त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली.

"साहेब, तुमी पेट्रोल वाचवून राहिले अन बॅटरी खाऊन राहिले. गाडी एकदा बंद केली की पुन्हा सेल्फ मारावा लागतो. सेल्फ बॅटरीतून किती वीज ओढतो, ठाव हाय का? अन मग दोन मैल बी न जाता पुन्हा बंद! इंजिन चालल्याबिगर ती भरंल कधी?"

"मग काय करू? चालूच ठेवू का?"

"लांबचा मुक्काम असंल तर बंद करा की. पन दर पावलाला नका करू. अन आता नवी घ्यायची तर जाड पत्र्यांची घ्या. पातळ पत्र्यांची हलकी असती, तुमच्या खोडीला टिकायची न्हाई."

दादा हैदराबादेला निघाले होते. मी त्यांना बजावून सांगितलं, दोन बॅटऱ्या दाखवतील, त्यातली उचलून बघा, जड असेल तीच घ्या. त्यांनी आणली. काय वजन तिचं! चाचांनी बसवली आणि रीत शिकवली: वरची तिन्ही झाकणं पंधरा दिवसांनी उघडायची, काचेची नळी घालून पाणी बघायचं, पत्रे उघडे पडू द्यायचे नाहीत. आडाचं पाणी चुकूनही घालायचं नाही, दवाखान्यात वाफेपासून करतात तेच घालायचं. तारांच्या टोकांवर पांढरा बुरा धरला की सोड्यानं धुऊन व्हॅसलीन लावायचं. मी हे सगळं इतकं मनापासून करायचो की माझी बायको म्हणायची, "माझ्या वेणीला कधी तेल लावलं का हो असं?"

ती तेव्हा वीस वर्षांची होती आणि आमचं पहिलं बाळ तिच्या पोटात होतं.

दवाखान्यातल्या कंपौंडरनं वाफेचं पाणी द्यायचं कबूल केलं, पण बाटली परत हवी म्हणाला. लढाईमुळं बाटल्यांचीसुद्धा टंचाई. मी बाटली घरी आणली आणि बायकोला म्हटलं, हे पाणी सोन्यासारखं जप, एक थेंब सांडू नको. संध्याकाळी बघतो तर तिनं देवघरातली तांब्याची कळशी चिंचेनं लखलखीत घासून त्यात ते पाणी ओतलेलं, वर ओलं फडकं बांधलेलं, आणि बाटली धुऊन पालथी घातलेली. आमच्या घरात गंगेचं पाणी तसंच ठेवत. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) मोलाचं पाणी तांब्यात, ही रीत. मी म्हणालो, "वा! शहाणी गं माझी!" ती लाजली. हे मला नीट आठवतं.

सातव्या महिन्यात ती माहेरी गेली, लोह्याच्या पुढं एका खेड्यात. पुढचे दोन महिने मी बॅटरीला त्या कळशीतलंच पाणी घालत होतो. सेल्फ हळूहळू जड फिरायला लागला. मी म्हटलं, उन्हाळा आहे, म्हणून असेल.

वैशाखात एके सकाळी तिच्या गावचा माणूस घोड्यावर आला. "पोरीचं अडलंय. सुईन म्हनती, आपल्यानं होत न्हाई, नांदेडच्या दवाखान्यात न्या."

दादा कोर्टात जायचे थांबले. साठवलेला डबा त्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवला आणि म्हणाले, "तुझी काटकसर आज कामाला आली." आयुष्यात एवढा एकच शब्द त्यांनी माझ्या कौतुकाचा काढला असेल. मी सुसाट गेलो. तिच्या दारात गाडी उभी केली आणि सवयीनं बंद केली. तिला चौघींनी धरून मागं आडवं निजवलं, सासूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. सेल्फ मारला तर नुसता कण्हला. खाली उतरून हँडल मारलं, तिसऱ्या फेऱ्याला गाडी चालू झाली. तिथंच मला कळायला हवं होतं. माझ्या अकलेला काय वाळवी लागली होती, देव जाणे.

लोहा मागं पडलं. पुढं माळाचा लांबलचक उतार लागतो, खाली कोरडा ओढा. उतार लागला आणि माझा हात आपोआप चावीकडं गेला. डबा भरलेला होता. वाचवायचं काही कारण नव्हतं, कुणासाठी वाचवायचं तेही नव्हतं. तरी मी इंजिन बंद केलं. गाडी आवाज न करता खाली घरंगळायला लागली. मागून ती हळूच म्हणाली, "आता बरं वाटलं. शांत झालं."

ओढ्याच्या वाळूत गाडी थांबली ती थांबलीच. सेल्फनं टक् केलं आणि संपलं. हँडल मारून मारून माझ्या तळहाताची सालटं निघाली, पण ठिणगी पडायलाही बॅटरीत थोडा जीव लागतो, तो उरला नव्हता. रानातल्या माणसांनी ढकलून पाहिलं, वाळूत कुठली पळते! सासूबाई ओरडत होत्या, "अवो जावई, काय बी करा, पन हलवा की तिला!" शेवटी एकाची बैलगाडी मिळाली. तिला त्यात घातलं, वर लुगड्याची सावली केली. मी बैलांच्या बाजूनं पळत होतो. पळून काय होणार होतं?

नांदेडची घरं दिसायच्या आधीच ती बाळंत झाली. मुलगी होती. रडली नाही.

बायको वाचली. महिनाभरानं मी बॅटरी काढून चाचांकडं नेली आणि त्या दिवसाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती उघडून बघितली. मग विचारलं, "पानी कशात ठेवलं व्हतं?"

"तांब्याच्या कळशीत."

त्यांनी कपाळावर हात मारला. "तांबा म्हंजी बॅटरीला जहर, साहेब. उभ्या उभ्या आतल्या आत खलास करतो. काचंत ठेवायचं असतं." आणि त्याच दमात म्हणाले, "पन त्या दिवशी तुमी इंजिन चालू ठिवलं असतं, तर गाडी घरापत्तोर आली असती. थांबलीच नसती."

मी घरी आलो. ती पडवीत बसली होती, अजून अशक्त. मला भयंकर राग आला होता, आणि तो राग कुणावर काढायचा हे मला कळत नव्हतं, किंवा कळत होतं म्हणूनच मी तिच्यावर काढला. म्हणालो, "तुझ्या कळशीनं पोर खाल्ली!" चाचांचं पहिलं बोलणं सगळं सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवघरात कळशी नव्हती. पुढं आम्हाला दोन मुलगे झाले, दादा गेले, निजामाचं राज्य गेलं, पण आमच्या घरात तांब्याचं भांडं पुन्हा आलं नाही. लग्नकार्यात कुणी अहेर केला तरी ती तो तसाच कुणाला देऊन टाकायची. ते बघून दर वेळी खरं सांगून टाकावंसं वाटायचं, आणि दर वेळी मी विषय बदलायचो.

गेल्या आठवड्यात नातसुनेनं तिला तांब्याचा गडू आणून दिला, प्रकृतीला चांगला म्हणून. तिनं तो हातात घेतला आणि नेहमीप्रमाणं बाजूला सारून ठेवला. माझ्यानं राहवलं नाही. नातसून आत गेल्यावर मी सांगून टाकलं. उतार, चावी, भरलेला डबा, चाचा काय म्हणाले, सगळं.

ती तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवला नाही.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "आवाज बंद झाला तवा मी जागीच होते की."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगताल म्हणून वाट पाहून राहिले होते."