लटारूच्या पोराचं बाळसं

लटारू ढिवराइतका स्वतःला हसणारा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता. हसण्यासारखं माझ्यात जास्त होतं, पण मला ते जमत नसे. सिंदेवाहीजवळच्या त्या गावी मी मास्तर होतो आणि फावल्या वेळात मृत्यूवर कविता करत असे. दोन्हींचा गावाला सारखाच उपयोग होता.

लटारू तलावात जाळं टाकी, त्याची बायको गोकुळा टोपली घेऊन मासे विकी. धाकटी पोरगी झाली आणि दोन वर्षांचा इसरू आईच्या दुधावरून सुटून भाताच्या पेजेवर आला. घरभर मासळीचा वास, पण त्याला तिचा कणही मिळत नसे. त्यांच्यात तशी समजूत होती: नीट बोलता येण्याआधी पोराच्या जिभेला मासळी लागली, की ते पाण्याकडे धावतं आणि तलाव त्याला ठेवून घेतो.

त्या वर्षी इसरूचे गाल फुगले, पावलं गुबगुबीत झाली. लटारू त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवला.

"पाहा गुरुजी, बापाच्या फासळ्या पाहा आन् पोराचं बाळसं पाहा. मालगुजाराच्या घरचा दिसते का नाई?"

"दिसतो खरा," मी म्हणालो. पोर हसत नव्हतं, रडत नव्हतं, कशाला हात लावत नव्हतं. मला ते चिंतनशील वाटलं.

पुढे त्याच्या नडगीची कातडी सोलून निघू लागली, तेव्हा आम्ही त्याला सिंदेवाहीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याच्या पावलावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला.

"हे बाळसं नाही, सूज आहे. आत पाणी साचलंय," ते म्हणाले. "पेजेनं पोट भरतं, अंग उपाशीच राहतं. दुधाची भुकटी देतो. आणि घरची मासळी काटे काढून, कुस्करून भातात घाला. नाहीतर पोर हाती लागणार नाही."

परतताना लटारू म्हणाला, "सारा जलम पाण्यात गेला गुरुजी, आन् घरातलं पाणी ओळखता नाई आलं. मी कायचा ढिवर? माह्यापरीस बगळा बरा."

गोकुळानं भीतभीत मासळी चारायला सुरुवात केली. आठवडाभरात सूज उतरली आणि तिच्याखालचा इसरू दिसू लागला: काड्यांसारखे हात, म्हाताऱ्याचं तोंड. शेजारची वच्छला दारात येऊन म्हणाली, "चांगलं भरलं होतं पोरगं. काऊन त्याले मासोळी चारून सुकवून राह्यली वो?"

गोकुळानं त्याच दिवशी मासळी बंद केली. लटारू मला बोलवायला आला. गावात शिकलेला मीच.

गोकुळा चुलीपुढे पोरीला पाजत बसली होती. "गुरुजी, पयले पोरगं कसं दिसे, आन् आता पाहा," ती म्हणाली. "तुमच्या डागदरानं तलावाले आवतन देलं."

मी शरीर, अन्न आणि सूज यांवर बोललो. उपमाही दिल्या. लटारू मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "मले काईच समजलं नाई. म्हनजे खरंच असन."

गोकुळानं इसरूपुढे पेजेची वाटी सरकवली आणि नवऱ्याला भात नि मरळीचं कालवण वाढलं. इसरूनं वाटीकडे पाहिलं नाही. तो रांगत बापाच्या ताटाशी आला आणि त्यानं कालवणात हात घातला. चटका बसेल म्हणून लटारूनं ताट उचललं. त्यासरशी पोरानं असा टाहो फोडला, की बाहेरच्या कोंबड्या पळाल्या. कित्येक दिवसांत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

लटारूनं ताट तसंच वर धरलं होतं. "आयकलं का वो?" तो हळूच म्हणाला. "मागून राह्यला थो."

गोकुळानं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं, नवऱ्याच्या हातातून ताट घेतलं आणि मरळीचे काटे काढायला बसली. काटे निघेपर्यंत इसरूनं घर डोक्यावर घेतलं. लटारू इसरूची पेज ओढून प्यायला लागला. पोराचं रडणं थांबू नये असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.