न जुळणारी नदी

दफ्तरात त्यांना सगळे मावशी म्हणत. फाटके, घडी पडलेले नकाशे मागून मलमल लावून सरळ करायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या हातून आजवर एकही कागद वाया गेला नव्हता. हे त्या कुणाला सांगत नसत, पण मनात जपून ठेवलं होतं.

त्या दिवशी नदीखोऱ्याच्या जुन्या नकाशाचे दोन ताव टेबलावर होते. खालचा मागच्या आठवड्यात वाळला होता, वरचा सकाळीच चिकटवलेला, अजून ओलसर. मावशींनी कडेला कड लावून पाहिली, तर वरून आलेली नदी खालच्या नदीपासून चांगली दोन बोटं दूर.

आपल्याच हातून कागद बिघडला, असं मावशींना वाटलं. चिकटवायची खळ पातळ झाली, कागद ताणला, दुसरं काय! या तावाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. दुपारचा डबा तसाच राहिला.

ओला कागद ओढला की थोडा सरकतो. संध्याकाळी मावशींनी कडेखाली नख घातलंच होतं, तेवढ्यात हेल्मेट काखेत धरून यजमान न्यायला आले.

“जरा थांबा हो. नदी तुटलीय माझी.”

“तुटेना का. रस्ता आहे ना? आपल्याला स्कूटरवर जायचंय, होडीतून नाही.”

“पुरे तुमचा शहाणपणा,” म्हणताना मावशींची नजर रस्त्याकडे गेली. रस्ता तर बरोब्बर जुळत होता. डोंगराच्या रेषाही. कागद ताणला असता तर सगळंच सरकलं असतं, एकटी नदी कशी सरकेल?

त्यांनी कागद दाबायला समासावर ठेवलेली वजनं उचलली. खाली मोजणीची सालं छापलेली होती. वरचा ताव आधीचा, खालचा पुढच्या पिढीने मोजलेला. मधल्या काळात नदीनेच पात्र बदललं होतं.

मावशी स्टुलावर बसल्या. “आणि मी तिला ओढून जागेवर आणायला निघाले होते.”

“लग्न झाल्यापासून माझ्यावर तेच चाललंय. सरकलो का मी?”

“तुमचा कागद फार जाड.”

वजनं पुन्हा जिथल्या तिथे ठेवून मावशींनी हात धुतले आणि डबा उघडला.

“अगं, आत्ता? घरी जेवायचंय ना?”

“घरीपण जेवीन,” मावशी पहिला घास घेत म्हणाल्या.