एकशे पंचेचाळिसावं पान

चहा सांगतो, बसा. तोवर माझी एक फजिती ऐका. ऐकून तुम्ही मला वेडा म्हणाल, आणि मला त्याला फारसा विरोध करता येणार नाही.

गेवराईत आमचं वाचक मंडळ आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला वाचनालयात जमायचं आणि एकेका पुस्तकावर मत सांगायचं. मी इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक, त्यात डॉक्टरेट, म्हणून पहिलं मत माझं. मी निवडलेल्या जड पुस्तकांनी मंडळी पांगायला लागली होती. शेवटी ग्रंथपाल मनोहर म्हणाला, "सर, लई रडवलं तुमी लोकांना. एखादं हसायचं घ्या की."

लंडनला नोकरी करणाऱ्या गावातल्या एका मुलीनं वाचनालयाला पुस्तकं पाठवली होती. त्यातली एक हलकीफुलकी प्रेमकथा घरी आणली. केकचं दुकान चालवणारी हॅना, समोर राहणारा तुसडा टॉम आणि दोघांना एकत्र आणणारा कुत्रा. दोन दिवस मी चक्क हसत होतो.

मग एकशे चव्वेचाळिसावं पान आलं. हॅनाचा वाढदिवस. तिला चकित करायला सगळे दुकानात लपलेले. पानाच्या तळाशी अर्धं वाक्य होतं: 'तिनं दार ढकललं आणि...'

नजर शेजारच्या पानावर गेली.

'...आत कुणीच नव्हतं. खुर्ची मात्र अजून हलत होती.'

असेल गंमत, म्हटलं. पुढं वाचलं. केक नाही, टॉम नाही, कुत्राही नाही. एक ओसाड घर, आणि त्यात 'ती'. तिला आता नावच नाही. भिंतीतून कुणीतरी तीनदा टकटक करतं, आणि ती शांतपणे म्हणते, 'आले हं.'

भर दुपार होती. वीज गेलेली, गल्लीत चिटपाखरू नाही. मी मान वर केली. समोरची आरामखुर्ची हलत होती. आमची ही नुकतीच तिच्यातून उठून आत गेली होती, हे मला नंतर कळलं.

तुम्ही म्हणाल, पुस्तकातच घोळ आहे, एवढं कळलं नाही? नाही ना. शिकलेल्या माणसाची हीच गोची. पुस्तक समजलं नाही की तो आधी स्वतःला तपासतो. मी पानांचे आकडे पाहिले. एकशे चव्वेचाळीस, एकशे पंचेचाळीस. क्रम चोख. म्हणजे घोळ माझ्यात. माझ्या थोरल्या भावाच्या विसरण्याची सुरुवात अशीच झाली होती. आधी त्याच्या कादंबऱ्यांतली माणसं हरवायला लागली, मग घरातली.

"काल भाजी काय होती गं?" मी हिला विचारलं.

"कावून? आवडली न्हाई?"

"तसं नाही. सांग ना."

"तुमीच सांगा."

मला सांगता येईना. ती माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मी ठरवलं, हे मंडळात कुणाला कळता कामा नये. पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचलं आणि खुणा शोधल्या. सापडल्याही. हॅना केक करते, पण स्वतः कधी खात नाही. टॉम तिच्या नजरेला नजर देत नाही. कुत्रा तिच्यावर भुंकतो. अंगावर काटा आला हो.

रविवारी मी बावीस पानी मत वाचलं. "हॅना पहिल्या पानापासूनच मेलेली आहे," मी म्हणालो. "केक हा पिंड आहे."

निवृत्त तलाठी बाबूराव मनोहरच्या कानाशी लागले. "मन्या, हसायची अशी हायेत, तर रडायची कशी असतील बे?"

तेवढ्यात नजमाआपा बोलल्या. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या. इंग्रजी सावकाश वाचतात, पण वाचतात. "सर, मी दुसरंच नेलतं, भुताचं. अर्ध्यापर्यंत लई भारी. बाई ओसाड घराचा जिना चढती, दार उघडती, आन् आतून सगळे ओरडतेत, हॅपी बर्थडे. पुढं भूतच केक इकायला लागलं. शेवटी टॉमशी लग्न बी झालं. मला वाटलं, आपलं इंग्रजी कच्चं. म्हणून गप बसले."

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. एकच प्रकाशक, एकच माप, एकच टाइप. प्रवासात दोन्ही मधोमध तुटली होती आणि जिल्द बांधताना एकाचं धड दुसऱ्याला लागलं होतं. म्हणजे माझं डोकं शाबूत होतं. महिनाभरात पहिल्यांदा छातीवरचा दगड उतरला.

"निष्काळजीपणाची हद्द झाली," मी म्हणालो. "त्या जिल्दवाल्याला बोलवा."

मनोहर फरशीकडं बघत होता. "सर, त्यानं नुसती शिवली. पुस्तकं त्याच्याकडं तुमीच नेलती. स्टँडसमोर पिशवी फाटली, चारी तुकडे रस्त्यावर. तुमीच खाली बसून आकडे बघून जुळवले. मी म्हणलो, आतल्या माणसांची नावं बी बघा. तुमी म्हणले, मनोहर, आकडा कधी खोटं बोलत नाही."

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा. कारण मला ती पिशवी आठवत नव्हती. स्टँड आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही.

असो. हसा तुम्ही, मनमोकळं हसा. असे एकमेकांकडं काय बघताय? अगं, पाहुण्यांना चहा आण.

काय?

ही म्हणते, चहा दोनदा झाला. आणि किस्साही.