बदामाची सत्ती

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि सुनंदापाशी तर नाहीच. सुनंदा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विलासची बायको. त्या दिवशी मी डाव जिंकलो हे माझं नशीब, असं ती अजून म्हणते. मी मान खाली घालतो.

तेल्हाऱ्याजवळ आमचं शेत एकत्र. कपाशीवर फवारणी कोण करणार, हे आम्ही दोघं रमीच्या एका डावावर ठरवायचो. हरेल त्यानं पंप पाठीवर घ्यायचा. तेरा-तेरा पानं, उरलेली गड्डी मध्ये उपडी. एक उचलायचं, एक टाकायचं. सगळी पानं जुळायला हवीत, आणि निदान एक क्रम तरी जोकरशिवाय. मीच शिकवलं होतं त्याला.

आधीच्या फवारणीला मला चक्कर आली होती. डोळ्यांपुढे सगळं धुरकट — तासभर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पडून होतो. घरी सांगितलं नाही. का? भ्यालो म्हणतील म्हणून? तेवढ्यासाठी?

त्या दुपारी हवा सुटली होती. कपाशी डोक्याएवढी वाढलेली. गोठ्याच्या सावलीत डाव मांडला. बदामाची छक्की आणि अठ्ठी माझ्या हातात, मधली सत्ती तेवढी अडलेली. विलास उठला.

"पानी आनू काय, दादा? तुयं तोंड सुकून राहिलं."

तो माठाकडे वळला आणि मी — मी गड्डी उलटली. सत्ती शोधली, वर ठेवली. त्यानं आणलेलं पाणी प्यायलो. मग पान उचललं.

"जमलं ना तुयं!" तो हसला. "बस तू. मी जातो."

तोंडाला दुपट्टा बांधून तो कपाशीच्या तासात, दोन ओळींमधे शिरला. वारा त्याच्याच तोंडावर येत होता. मला दिसत होतं. हाक मारली असती तर — नाही मारली.

ऊन उतरायच्या आत त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. अकोल्याला नेलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "बरं झालं मी गेलतो, दादा. तुले सोसलं नसतं."

मी म्हणालो — "हो."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याआधी अख्खी दुपार होती माझ्याकडे. तो जागा होता, त्याला ऐकू येत होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो. मी मोसंबी सोलत बसलो.