साडूंची टाकी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून गटाराच्या पाण्यावर इतका जीव लावणारा माणूस माझ्या साडूंशिवाय दुसरा नसेल, आणि त्या जोरावर सासुरवाडीत राजासारखा मान घेणारा तर अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, किन्हवलीच्या बाजूला शाळेत विज्ञान शिकवणारा. आईवडिलांनी भाताच्या खाचरात राबून मला शिकवलं, याची जाण मला रोज असते. लग्न ठरलं तेव्हा वाटलं, शिकलेला जावई म्हणून सासरी आपलाच शब्द चालेल. पण थोरले साडू तिथे आधीच ठाण मांडून बसले होते.

साडू शहापूरजवळच्या एका वसाहतीच्या सांडपाणी केंद्रावर होते. तिथल्या टाकीत घाण खाऊन पाणी शुद्ध करणारे जिवाणू असतात, त्यांना ते ‘माझी जनावरं’ म्हणत. कोणाकडेही गेले की चपला काढायच्या आधी मोरीत डोकावत. लोणच्याच्या बरणीचं तेल मोरीत सोडलेलं दिसलं की ओरडत, “वैनी, माझ्या जनावरांना अपचन होल गो!” बायकांना राग येत नसे, हसू येई. तीच गोष्ट मी आकृती काढून समजावली, तर मेहुणी जांभई देई. लग्नाच्या पंगतीत साडू पिशवीतून शुद्ध केलेल्या पाण्याची बाटली काढत आणि शेजाऱ्याला म्हणत, “वास घ्या. घ्या ना, लाजता काय?” माणसं हातातला घास ठेवून वास घेत. माझ्या बी.एस्सी.ची एवढी विचारपूस कधी कोणी केली नाही.

केंद्राचं पाणी ज्या नदीत सुटे, तिच्यावरच खालच्या अंगाला सासऱ्यांचं गाव. उन्हाळ्यात धार आटली की एक डोह तेवढा उरे, गावची गुरं त्यावरच जगत. सासरे गुरांना सांगत, “थोरल्यानं पाठवलेलं पानी हाय, बिनघोर प्या.” म्हणजे गुरांतही मी धाकटाच.

एका वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. आम्हा दोघा जावयांना मानाचं जेवण होतं. ताटात अनारसे पडले आणि साडू रडवेल्या चेहऱ्याने दारात उभे राहिले. वसाहतीत कोणी मोठे साहेब येणार, म्हणून लोकांनी हौसेने घरोघरच्या मोऱ्यांत आणि गटारांत फिनेल ओतलं होतं. वसाहत घमघमली आणि टाकीतली जनावरं मेली. काळं पाणी साडूंनी मागच्या खड्ड्यात अडवलं होतं, पण तो भरला की ते डोहातच येणार होतं.

“मामा, मला अनारसं नको. गूळ द्या. आन शेण.”

मला वाटलं, आता तरी यांचं आसन डळमळेल. पण सासरे उठले. “अरं, बसलाव काय? गुरं काय पितील?” घराघरांतून गूळ निघाला, गोठ्यांतून शेणाच्या पाट्या निघाल्या, बैलगाडी जुंपली. माझ्याही डोक्यावर पाटी आली. “मास्तर, प्यांट सांभाळा!” मेहुणी खिदळली. नव्या जनावरांची पैदास व्हावी म्हणून टाकीत शेणगुळाचा काला ओतला आणि साडू बाळंतिणीच्या दाराशी बसावं तसे काठावर बसून राहिले. खड्डा भरत आला तशी त्यांनी मला निरोप धाडला. मी शाळेचा सूक्ष्मदर्शक घेऊन गेलो. थेंबात वळवळ दिसली.

“हायत!” मी माझी शुद्ध भाषा विसरून ओरडलो. गाव नाचलं. खांद्यावर मात्र साडूंनाच घेतलं.

पुढे साडू निवृत्त झाले आणि मुरबाडला मुलाकडे राहायला गेले. केंद्र आता कधी चालतं, कधी नुसतं उभं असतं. उन्हाळ्यात मी सासुरवाडीला गेलो की सासरे गुरं पाण्यावर सोडण्याआधी मला डोहावर नेतात आणि गावासमोर विचारतात, “मास्तर, तुमी सांगा. पाजू का?” इतकी वर्षं ज्या मानासाठी मी जळलो, तो हाच. मी पाण्याकडे पाहतो आणि म्हणतो, “आज नको, मामा.” सासरे तहानलेली गुरं माघारी वळवतात. तेव्हा साडूंचा मला पुन्हा हेवा वाटतो. हे शब्द त्यांना कधी उच्चारावे लागले नाहीत.