एकतीस फेऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर

नव्वदच्या दशकातली एक रविवारची सकाळ. सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्या दिवशी कोर्ट भरलं होतं... आणि आरोपी होता माझा रेकॉर्ड प्लेअर.

मी तेव्हा बीएस्सीला होते. शिकवण्यांच्या पैशातून मी अलंगच्या मालाच्या दुकानातून हा प्लेअर उचलला होता. अलंगला जहाजं तोडतात, त्यातलं सामान सुरतेपर्यंत यायचं. कुठल्याशा जपानी जहाजावरचा माल असावा, कारण सोबत एक जपानी रेकॉर्डही मिळाली... कव्हरवर छोटंसं अंतराळयान. ते बघून मी दुकानातच उडाले. हा तर आमचाच व्हिडिओ गेम!

आमचा म्हणजे माझा आणि हेतलचा. हेतल माझी शाळेपासूनची मैत्रीण, गुजराती, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. शाळेत असल्यापासून तिच्या टीव्हीवर तो गेम खेळून आम्ही अंगठ्याला घट्टे पाडून घेतले होते. त्यातलं टुणटुण संगीत आम्हाला झोपेतही पाठ होतं.

आणि योगायोग बघा... हिऱ्यांच्या कामासाठी परदेशी जाणाऱ्या तिच्या मामांनी त्याच संगीताची सीडी आणली. कव्हरवर तेच यान. झालं, भांडण जुंपलं. ती म्हणे सीडी भारी, मी म्हणे रेकॉर्ड.

दुकानदाराने आठ दिवसांची मुदत दिली होती. तेवढ्यात प्लेअर परत केला तर बदल्यात जुना सीडी प्लेअर मिळणार होता. रविवारी मुदत संपत होती. मला तर प्लेअरचा लळा लागला होता... पण हेतलचं म्हणणं पटलं तर द्यायचा, असं मी तिला कबूल करून बसले होते.

तर हेतल आपला सीडी प्लेअर घेऊन आली. स्पीकर तेच, गाणं तेच. एकदा सीडी, एकदा रेकॉर्ड.

मी अगदी तज्ज्ञासारखी बोलत होते. रेकॉर्डचा आवाज बघ कसा भारदस्त... सीडीचा बघ, पातळ, पाणी घातलेल्या ताकासारखा. शिवाय रेकॉर्डवर तेच गाणं दहा-बारा सेकंद जास्त चालायचं! रेकॉर्डमध्ये संगीत जास्त मावतं, असं मी बेधडक ठोकून दिलं. हेतलसुद्धा जरा विचारात पडली होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोपऱ्यात दाढी करत होते. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मास्टर होते... बिघडलेला लूम चालू करणारा तो मास्टर. वीस-बावीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. घरात आम्ही त्यांच्याशी ओरडून किंवा हातवारे करून बोलायचो. गाण्याच्या बाबतीत त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

अर्धी दाढी तशीच ठेवून ते आले आणि प्लेअरजवळ उकिडवे बसले. "हाई हळू फिरी ऱ्हायनं," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. "माले दखू दे, माय."

मी हसले. ऐकू न येणारा माणूस गाण्याचा वेग काय सांगणार...

त्यांनी खिशातून लाल धाग्याचा तुकडा काढून रेकॉर्डच्या मधल्या कागदावर ठेवला आणि मनगटावरचं घड्याळ बघत मोजायला लागले. लूम मिनिटाला किती ठोके मारतो, हे ते रोज असंच मोजायचे. एका मिनिटात एकतीस फेऱ्या झाल्या. मग बटणावर छापलेल्या तेहतीसच्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

मिनिटाला तेहतीस फेऱ्या व्हायला हव्या होत्या.

त्यांनी वरची चकती उचलली तर खाली एक रबरी पट्टा, ढिला होऊन घसरत होता. म्हणजे आठ दिवस मी ज्याला भारदस्त म्हणत होते तो बिघाड होता... आणि जास्तीचे दहा-बारा सेकंदही त्याचेच. हेतल हसून हसून गादीवर आडवी.

अण्णांनी तो पट्टा उकळत्या पाण्यात टाकला, म्हणजे आखडतो. पातेलं नेमकं चहाचं घेतलं. आई स्वयंपाकघरातून, "चहाना पातेलामा रबर उकाडी ऱ्हायनात तुम्ही?" ...पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

पट्टा बसला. पुन्हा धागा, पुन्हा घड्याळ. तेहतीस आणि वर थोडं. गाणं लावलं तर हुबेहूब सीडीसारखं, वर फुकटची खरखर. माझा सगळा युक्तिवाद कोसळला. मी मुकाट्याने प्लेअरची वायर गुंडाळायला लागले. खरं सांगते, रडू येत होतं.

अण्णांनी मला थांबवलं. दोन्ही पुन्हा लावायला सांगितलं, स्पीकरला कान चिकटवून नीट ऐकलं. मग त्यांनी निकाल दिला. "सीडीना आवाज चांगला शे. पण हाई बिघडनं तर मी दुरुस्त करसू."

हेतल माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "रेवा दे. राखी ले." ठेवून घे... आणि सीडी प्लेअर उचलून घरी निघाली.

प्लेअर राहिला. आवाजाच्या भांडणात मी हरले होते, आणि ते मला अजूनही मान्य आहे.

अण्णा उठायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, बसा ना अण्णा, पूर्ण ऐका. ते अर्ध्या दाढीनिशी भिंतीला टेकून बसले, तळहात स्पीकरवर ठेवून... अख्खी बाजू संपेपर्यंत. आमच्या घरात गाणी रोज वाजायची. पण 'बसा, ऐका' एवढं साधं त्यांना म्हणायला मला एकोणीस वर्षं लागली.